दारूने चिंता सरत नाही, वाढते

हाताशी आलेली कपाशी अवकाळी पावसाने भिजली, सोसायटीचे कर्ज थकले आणि सावकाराचा तगादा सुरू झाला, की शेतकऱ्याची झोप उडते. अशा वेळी कोणीतरी सांगतो, “घोटभर घे, बरे वाटेल.” ती घेतली की काही वेळ बरे वाटतेही. व्यसनाचे मूळ ह्या बरे वाटण्यातच आहे.

दारू मेंदूचे व्यापार मंद करते; त्यामुळे आरंभी चिंता बोथट होते व डोळा लागतो. परंतु अंमल उतरू लागताच झोप मोडते. उत्तररात्री जाग येते, छाती धडधडते आणि कालचीच चिंता दुप्पट होऊन पुढे उभी राहते. ती घालविण्यास मग अधिक दारू लागते. तंबाखूचेही तसेच आहे. चिमूट तोंडात टाकताच लाभणारी शांती ही चिंतेवरील उतारा नव्हे. तंबाखूनेच निर्माण केलेली तलफ तेवढी भागलेली असते.

व्यसन हा केवळ स्वभावदोष नव्हे, तो उपचारसाध्य आजार होय. म्हणून ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी निर्भर्त्सना टाळावी. एखादा शेतकरी शेताकडे फिरकेनासा झाला, माणसे टाळू लागला, ‘आता जगून काय करायचे’ असे बोलू लागला, तर त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकावे. जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो बळावत नाही. असा विचार असल्यास त्यास एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी, कारण दारूच्या अंमलाखाली क्षणाचा विचार कृतीत उतरण्यास वेळ लागत नाही.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. रोज पुष्कळ पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडून प्रसंगी जिवावर बेतते. दारू सोडवावी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मदतीची सोय आता दूर राहिलेली नाही. शेतकऱ्यांना समुपदेशन मिळावे म्हणून राज्य शासनाने २०१५ साली विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मनाच्या त्रासाबद्दल विनामूल्य बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. गावातील आशा सेविका व प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ह्यांचाही सल्ला घ्यावा.

दारू सोडल्याने भिजलेली कपाशी परत येत नाही, की कर्ज फिटत नाही. परंतु नुकसानीचा पंचनामा करून घेणे, विम्याची सूचना मुदतीत देणे, कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत जाणे, ही कामे शुद्धीवर असलेल्या माणसालाच साधतात. संकटातून बाहेर पडण्याची वाट तेथूनच सुरू होते.