सुट्या शेअरांची कसर

शेअरांचा व्यवहार कागदावर चाले त्या काळी, पन्नास किंवा शंभर अशा ठरावीक लॉटनेच शेअर विकण्याचा बाजाराचा रिवाज असल्यामुळे, पदरी ५० शेअर असलेल्या गृहस्थास कंपनीने पाचास तीन या प्रमाणात बोनस दिला की त्याचे ८० होत खरे; परंतु वरचे ३० 'ऑड लॉट' ठरून चालू भावाला मुकत.

असे सुटे शेअर विक्रीस निघताना मी शाहूपुरीतील एका सब-ब्रोकरच्या पेढीवर जवळून पाहिले आहेत. प्रमाणपत्रावरील फोलिओ आणि अनुक्रमांक हस्तांतरणपत्राशी ताडून पाहणे, कंपनी निबंधकाच्या शिक्क्याची तारीख तपासणे, मुद्रांक चिकटविणे, साक्षीदाराची सही घेणे, ही सारी यातायात तीन हजार शेअरांना जेवढी तेवढीच तीस शेअरांना करावी लागे. आणि इतके करूनही एखाद्या निवृत्त शिक्षकाची थरथरत्या हाताने केलेली सही कंपनीच्या दफ्तरातील तरुणपणच्या सहीशी जुळली नाही, तर 'बॅड डिलिव्हरी' म्हणून कागद मुंबईहून परत येत. मुंबई शेअर बाजारात ऑड लॉटचे सौदे शनिवारी होत, घेणारे मोजकेच. "गुरुजी, सुट्याला गिऱ्हाईक कमी. भाव पडूनच येणार," असे कारकून आधीच सांगून ठेवी. ज्याच्याजवळ थोडे त्यानेच अधिक कसर सोसावी, हा मला त्या व्यवस्थेतील उघड अन्याय वाटे.

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने तो दूर होण्याची वाट मोकळी झाली. शेअर डिमॅट खात्यात जमा होऊ लागले, लॉट एका शेअरावर आला, आणि तीस शेअरांच्या धन्यास तीन हजारांच्या धन्याचाच भाव मिळू लागला; गेल्या कित्येक वर्षांत एवढा निःसंशय हितकर बदल बाजारात मी दुसरा पाहिला नाही.

मात्र जुन्या पेट्यांतून अशी प्रमाणपत्रे अद्याप निघतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. वारसाहक्काने नाव लावता येते. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, आणि रीतसर अर्ज केल्यावाचून परत मिळत नाहीत. तेव्हा वडिलांच्या दस्तऐवजांत असे एखादे प्रमाणपत्र आढळल्यास, शेअर पाच असोत की पंचवीस, ते क्षुल्लक न मानता कंपनीच्या रजिस्ट्रारकडे आजच चौकशी करावी.