वाकळ शिकवायची तर शिवणारीला बोलवा

आपल्या आष्टा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. पूर्वी ती कोणी मुद्दाम शिकवत नसे. आजीशेजारी बसून मुली टाका उचलत. आता शिवण क्लासात व शाळेच्या कार्यानुभवातही ती शिकवता येते. मात्र कापडाच्या धंद्यातला म्हणून एक सांगतो.

मागे एका शाळेला मी टेरिकॉटचे नवे कटपीस दिले. चूक माझीच. कापड घसरे, सुई अडे, पोरांची बोटे टोचली. धुऊन मऊ झालेले सुती लुगडे किंवा धोतरच द्यावे.

आधी थर अंथरून लांब कच्च्या टाक्यांनी धरावेत, मग धावदोरा घालावा. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बाया कवंदी कडेपासून शिवत मध्यापर्यंत नेतात. पूर्ण वाकळ एका पोराच्या हातून होत नाही, म्हणून प्रत्येकाला एक चौकोन द्यावा. ९ इंचांचा कापला तर चारी कडांना अर्धा इंच शिवणीत जाऊन ८ उरतो. असे २४ चौकोन ६ बाय ४ लावले की ४८ बाय ३२ इंचांची बाळाची गोधडी होते. गणितही होऊन जाते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचवले आहे. त्या दिवसांत मोहल्ल्यातल्या शिवणाऱ्या खालांना, मावशींना बोलवावे. मानधन आधी ठरवून. वाकळीच्या मजुरीत आपण घासाघीस करतोच, इथे तरी नको. आणि दुकानदार बंधूंनो, सुती चिंध्या फेकू नका, शाळेसाठी वेगळ्या पोत्यात ठेवा.