खडीवरचा फ्रान्स

७ जुलै २०२४ रोजी ‘तूर द फ्रान्स’चा नववा टप्पा त्र्वा शहरातून निघून पुन्हा त्र्वालाच संपला. १९९ किलोमीटरांच्या त्या मार्गात कच्च्या रस्त्याचे १४ तुकडे होते, मिळून सुमारे ३२ किलोमीटर. शांपेनची द्राक्षं पिकवणारे शेतकरी ज्या वाटांनी ट्रॅक्टर नेतात, त्या चुनखडीच्या पांढऱ्या वाटांवरून जगातले नामांकित सायकलपटू धुळीनं माखून गेले. योनास व्हिंगेगार्डचं चाक पंक्चर झालं, तेव्हा त्यानं सहकाऱ्याची सायकल घेऊन टप्पा पुरा केला. जिंकला फ्रान्सचा अँथनी त्यूर्जीस. तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल खडीवर का सोपवायचा, अशी कुरकुरही झाली. पण १९१० साली तूर पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले खिंडीत चढली, तेव्हा रस्ता म्हणजे दगडमातीच होती. खडी नंतर आलेली नाही; डांबर नंतर आलं.

‘ग्रॅव्हल’ हे नाव मात्र अमेरिकेचं. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीनं ते गाजवलं. या सायकलचं हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे आणि गिअर चढाला पुरतील इतके हलके असतात. डांबरावर ती रेंगाळत नाही आणि मुरुमावर घसरत नाही. म्हणजे मोटारींची वाट सोडून दिवसभर चालवता येते. फ्रान्समध्ये अशा वाटा अमाप आहेत. त्यांतली प्रत्येक वाट कुणीतरी कशासाठी तरी बांधली होती आणि ते काम संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ रिकाम्या राहिल्या. म्हणूनच इथं खडीवरून जाणं म्हणजे त्या देशाच्या इतिहासाच्या मागच्या दारानं आत शिरणं आहे.

गिअरसाठी भांडलेला माणूस

या सायकलीचा पूर्वजही फ्रेंचच. सेंत-एतिएन शहरातला पॉल द विवी (१८५३–१९३०) ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानं लिहायचा. १८८७ साली त्यानं सायकलींना वाहिलेलं नियतकालिक काढलं. चढाला वेगळा आणि उताराला वेगळा गिअर हवा, असं तो आयुष्यभर सांगत राहिला आणि शेजारच्या डोंगरात स्वतः ते करून दाखवत राहिला. तूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांना हे पटत नव्हतं. माणसाच्या मांड्यांचा कस लागावा, यंत्राचा नव्हे, असं त्यांचं मत. तूरमध्ये गिअर बदलणारं डिरेलर सर्वांना वापरता आलं ते १९३७ साली. व्हेलोसिओ त्याआधी सात वर्षं ट्रामच्या धडकेनं गेला होता.

शर्यतवाले अडून बसले असताना फिरस्त्यांसाठी सायकली बांधणारे कारागीर पुढे गेले. रने एर्स, अलेक्स सिंजे यांच्यासारख्यांनी हलक्या चौकटीला रुंद, मऊ टायर बसवले. ५८४ मिलिमीटर व्यासाच्या रिमचं ‘६५० बी’ हे त्यांच्या काळातलं चाक मधल्या काळात विस्मरणात गेलं होतं. आज जगभरच्या ग्रॅव्हल सायकलींवर ते नवं म्हणून विकलं जातं.

पाण्याच्या काठानं

नवख्यानं सुरुवात करावी ती कनाल द्यु मिदी या कालव्यापासून. मिठावरचा कर वसूल करणाऱ्या पियेर-पॉल रिके या अधिकाऱ्यानं चौदाव्या लुईच्या दरबाराला पटवलं, की अटलांटिककडची गारोन नदी आणि भूमध्य समुद्र जोडता येतील. काम १६६६ ते १६८१ चाललं आणि तुलूझपासून सेतजवळच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटरांचा कालवा झाला. खरा पेच पाण्याचा होता : मधल्या उंचवट्यावर ते आणायचं कुठून? रिकेनं ‘काळ्या डोंगरा’तले ओढे अडवून नोरूझच्या माथ्यावर वळवले, म्हणजे तिथून ते दोन्ही बाजूंना वाहू लागले. बेझिएजवळच्या मालपास टेकडीतून त्यानं बोगदा काढला. नावा जाणारा तो जगातला पहिला बोगदा मानतात. कालवा पुरा होण्याआधी काही महिने, १६८० साली, रिके वारला.

नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठानं जी वाट होती, तीच आता सायकलची वाट आहे. तुलूझकडचे सुमारे ५० किलोमीटर पक्के आहेत. पुढे माती, खडी आणि झाडांच्या मुळांनी उचललेली जमीन लागते. ही झाडं चिनारच्या कुळातली. काठावर ती जवळजवळ ४२,००० होती. २००६ साली बुरशीचा रोग आढळला आणि हजारो झाडं तोडावी लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती बुरशी युरोपात आली, असं मानतात. सावलीच्या जुन्या छायाचित्रांवर भिस्त ठेवून जाणाऱ्याला काही टप्पे उघडे, उन्हाचे मिळतात. नवी रोपं लावली आहेत, पण त्यांची सावली पडायला वेळ आहे.

मेंढ्या, तोफा आणि सत्याग्रह

पाय तयार झाले, की दक्षिणेच्या सेव्हेन डोंगरात आणि त्याला लागून असलेल्या चुनखडीच्या पठारांवर जावं. २०११ साली युनेस्कोनं हा प्रदेश जागतिक वारसा ठरवला तो किल्ले-राजवाड्यांसाठी नव्हे, तर मेंढपाळीसाठी. उन्हाळ्याच्या तोंडाला मैदानातले कळप वर नेण्याच्या वाटांना इथं ‘द्राय’ म्हणतात. डोंगराच्या धारेवरून जाणाऱ्या या रुंद, दगडांनी रेखलेल्या वाटा शेकडो वर्षं खुरांनी तुडवल्या आहेत. काही कळप अजूनही पायी जातात.

याच डोंगरात दुसऱ्या जातीचे रस्ते आहेत. १६८५ साली चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. सेव्हेनच्या विणकरांनी आणि शेतकऱ्यांनी १७०२ साली बंड केलं. ठिणगी पडली ती पाँ-द-माँव्हेर या गावात. बंडखोरांना कोंडण्यासाठी राजाच्या सुभेदारानं डोंगरात तोफा आणि फौजा जातील असे रस्ते काढले. आज सायकलस्वाराला जो चढ झेपतो, तो पुष्कळदा तोफगाड्याला झेपावा म्हणून आखलेला असतो. १८७८ साली स्टीव्हन्सन हा स्कॉटिश लेखक मोदेस्तीन नावाची गाढवीण घेऊन याच मुलखातून बारा दिवस चालला. त्याच्या वाटेनं आता पायी फिरणाऱ्यांचा मार्ग आखला आहे. त्यातले काही तुकडे सायकल खांद्यावर घ्यायला लावतात, हे लक्षात ठेवावं.

पश्चिमेला लारझाकचं पठार आहे : उघडा माळ, रोकफोर चीजसाठी दूध देणाऱ्या मेंढ्या, मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांची तटबंदीची गावं. १९७१ साली सरकारनं इथली ३,००० हेक्टरांची लष्करी छावणी १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवायचं ठरवलं. १९७२च्या वसंतात लांझा देल वास्तो यानं ला काव्हालरी गावात पंधरा दिवसांचं उपोषण केलं. हा इटालियन माणूस १९३७ साली वर्ध्याला गांधीजींपाशी राहून गेला होता. ‘शांतिदास’ हे नाव त्याला गांधीजींनीच दिलं. त्या उपोषणानंतर १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. दहा वर्षं त्यांनी हात न उगारता लढा दिला. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी विस्तार रद्द केला. लारझाकवरच्या शेतवाटांनी आज बिनधोक जाता येतं, त्यामागे एक धागा वर्ध्यापर्यंत पोहोचतो.

लाकूड, रेल्वे आणि डुकराचं पिल्लू

बर्गंडीत मोर्व्हाँच्या जंगलातून पॅरिसला सरपण जायचं ते नदीतून. ओंडके ओढ्यात सोडायचे आणि क्लामसीला त्यांचे तराफे बांधायचे. हा व्यापार सोळाव्या शतकापासून विसाव्याच्या आरंभापर्यंत चालला. त्यासाठीच खोदायला घेतलेल्या नीव्हर्ने कालव्याच्या काठानं १७४ किलोमीटर जाता येतं. दुसरा वारसा रेल्वेचा. १८७९च्या फ्रेसिने योजनेनं आडगावांपर्यंत रूळ नेले. मोटारी आल्यावर ते गंजले. बर्गंडीत झिव्री ते क्लुनी हा जुना लोहमार्ग १९९७ साली सायकलींना खुला झाला. पुढच्या बुआ-क्लेर टेकडीतला १.६ किलोमीटरांचा बोगदा मात्र हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात. या मार्गांवर आता बहुतेक डांबर आहे. खडीचा शौकीन ते जोडरस्ते म्हणून वापरतो.

ब्रिटनीत शेतांमधल्या कच्च्या वाटांना ‘रिबिन’ म्हणतात. ब्रेटन भाषेतून शिकवणाऱ्या दिवान शाळांसाठी पैसा उभा करावा म्हणून १९८४ साली तिथं ‘त्रो-ब्रो लेऑन’ ही शर्यत सुरू झाली. ती अजूनही चालू आहे आणि पहिल्या आलेल्या ब्रेटन सायकलपटूला डुकराचं जिवंत पिल्लू बक्षीस मिळतं.

वाट कुणाची?

फ्रान्समधल्या ग्रामवाटा त्या-त्या गावच्या पालिकेच्या मालकीच्या असतात आणि लोकांना खुल्या असतात. पण कायद्यात एक पाचर आहे : लोकांचा वापर थांबला, तर रीतसर चौकशी करून पालिका ती वाट विकू शकते. शेजारच्या शेतकऱ्यानं तीस वर्षं नांगराखाली ठेवलेली वाट त्याची होऊ शकते. महायुद्धानंतर यंत्रांसाठी शेतांचं एकत्रीकरण झालं, तेव्हा कुंपणाची झुडपं गेली आणि त्यांच्याबरोबर असंख्य वाटाही गेल्या. २०२२च्या कायद्यानं पालिकांना आपल्या वाटांची मोजदाद करून त्या वाचवण्याची सोय दिली. उलट २०२३च्या कायद्यानं, खासगी असल्याची पाटी लावलेल्या रानात शिरणं दंडपात्र केलं. म्हणून नकाशावरची प्रत्येक रेघ आपली समजू नये.

आपल्याकडच्या पाणंदींची गत वेगळी नाही. गावनकाशावर तुटक रेघेनं दाखवलेली वाट प्रत्यक्षात उसाखाली असते आणि अडवलेली वाट मोकळी करायला १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधार घ्यावा लागतो. दोन्हीकडे वाट वाचवणारी पहिली गोष्ट एकच : वर्दळ.

जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून फ्रान्सला सायकलसाठी जाणारे बहुतेक ‘पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस’साठी जातात. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेली ही १,२०० किलोमीटरांची फेरी आता दर चार वर्षांनी होते आणि जास्तीत जास्त ९० तासांत पुरी करावी लागते. पुणे, मुंबई, नाशिक, नागपुरातले स्वार २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या ‘ब्रेव्हे’ या पात्रता-फेऱ्या पुऱ्या करून तिथं पोहोचतात, डांबरावरून रात्रंदिवस पायडल मारतात आणि विमान पकडतात. पुढची फेरी २०२७ साली आहे.

त्यांना सांगणं असं, की रजा आठवडाभर वाढवा आणि ४० मिलिमीटरचा टायर चढवा. मे-जून किंवा सप्टेंबरचा आरंभ उत्तम. सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा मोसम असतो. हाके चालू असल्याची पाटी दिसली, की दुसरी वाट धरा. खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात आणि सोमवारी पुष्कळदा दिवसभर. पाणी संपलं तर दफनभूमीत जा, तिथं बहुधा नळ असतो. डोंगरात कळप राखणारी पांढरी दांडगी कुत्री समोर आली, तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि न ओरडता चालत पुढे व्हा. प्रादेशिक गाड्यांतून सायकल नेता येते, म्हणून गेल्या वाटेनंच परतण्याची बेडी नाही.

निवड एकच करायची असेल, तर नवख्यांनी कालवा घ्यावा आणि सरावलेल्यांनी लारझाक ते सेव्हेन. वेगाची नोंद करणारं यंत्र पिशवीत टाकावं आणि गावच्या पालिकेबाहेर लावलेला वाटांचा नकाशा दोन मिनिटं वाचावा. वाट कुणी बांधली हे कळलं, की चढ का असा आहे तेही कळतं.