पाऊण इंचाचं काम

१९७२ साली मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने हेराल्डच्या जागी गझेल ही गाडी आणली. इंजिन तेच, ९४८ सीसीचं. बदल होता तो मागच्या चाकांत. हेराल्डची मागची दोन चाकं एकमेकांपासून सुटी होती, प्रत्येक चाक आपापलं वरखाली व्हायचं. गझेलला मात्र अँबॅसडरसारखा एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत जाणारा अखंड एक्सल बसवला गेला. हेराल्डची रचना गिऱ्हाइकांनाही नको होती आणि मेस्त्र्यांनाही. जगभरच्या कंपन्या अखंड एक्सलकडून सुट्या चाकांकडे निघाल्या होत्या, तेव्हा ही कंपनी उलट्या दिशेने गेली.

बेळगावच्या वडगावात मागाच्या खडखडाटाने भरलेल्या एका गल्लीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९६५ सालची दोन दारांची हेराल्ड दोन घोड्यांवर उभी आहे. मागची चाकं काढलेली, मागचं सीट बाहेर ओट्यावर टेकवून ठेवलेलं. मालक उद्यमबागेतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना गेली कित्येक वर्षं एकच सल्ला मिळत आला आहे : हा एक्सल काढा, मारुती व्हॅनचा घाला आणि मोकळे व्हा. कंपनीने १९७२ साली जे केलं तेच घरी करायचं. ते करत नाहीत. जो दोष कारखान्याने कापून टाकला, तो समजून घेऊन आटोक्यात आणायचा असा त्यांचा हट्ट आहे. शेडमध्ये थोडा वेळ बसलं की हा हट्ट पटायला लागतो.

हेराल्डचं मूळ इंग्लंडमधलं. १९५९ साली ट्रायम्फने ती आणली, आरेखन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचं. बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्ट केलेली, बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटणारं, आणि वळण इतकं लहान की अरुंद गल्लीतही गाडी सहज फिरावी. भारतात ती १९६१ पासून तयार होऊ लागली. त्या काळात मध्यमवर्गाच्या आवाक्यात तीनच मोटारी होत्या : अँबॅसडर, फिॲट आणि हेराल्ड. पहिल्या दोघींच्या मागे अखंड एक्सल आणि लांबीच्या दिशेने बसवलेले दोन कमानपाटे. गावोगावच्या मेस्त्र्यांचा हात त्यावरच बसलेला. हेराल्डमध्ये पाट्यांचा एकच जुडगा, तोही आडवा, मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या थेट डोक्यावर स्टडने आवळलेला. त्याची दोन टोकं दोन चाकांना धरतात.

याच चासीची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर काढली, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. मागची रचना हेराल्डचीच. त्यामुळे वडगावच्या शेडमधली गाडी वरून कुटुंबाला घेऊन जाणारी असली तरी खालून ती स्पोर्ट्स कारच आहे. जगभरचे स्पिटफायरवाले घराच्या अंगणात ज्या कामासाठी शनिवार-रविवार घालवतात, तेच काम इथे चालू आहे.

काम करणारा माणूस मात्र मोटारींतला नाही. मालक त्यांना मामा म्हणतात. त्यांचं आयुष्य यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करण्यात गेलं. धोटा का अडकतो, ताणा कुठे ढिला पडतो, हे आवाजावरून ओळखायची सवय. मोटार मेस्त्री गाडीखाली शिरला की पहिल्यांदा पाना लावतो. मामांनी पहिल्यांदा हात लावला नाही. गाडी चाकांवर उभी असतानाच तिच्याभोवती फिरले, मागे येऊन उकिडवे बसले आणि मालकांना म्हणाले, "ओ, ही मागनं वर हाय की. पाऊण इंच तरी असंल."

पाऊण इंच. नंतरचं सगळं काम या आकड्याभोवती फिरलं.

गाडी मागून उंच असण्यामागे जुनी हकिकत होती. आधीच्या कुणा मालकाने गाडीत जास्त माणसं बसवायची म्हणून कमानपाट्याच्या दुकानात पाट्यांना बाक वाढवून घेतला होता. अखंड एक्सलच्या गाडीत यामुळे फार बिघडत नाही, बसायला थोडी कडक होते इतकंच. हेराल्डमध्ये हाच उपाय धोक्याचा ठरतो. तिचं मागचं चाक सरळ वरखाली होत नाही. डिफरन्शियलजवळच्या क्रॉसवर चाकाला फिरवणारा हाफ शाफ्ट झुलतो आणि त्याच्या टोकाला चाक कमानीत फिरतं. गाडीची मागची बाजू वर उचलली की चाकाचा माथा बाहेर पडतो आणि तळ आत जातो. चाकाच्या या झुकावाला कॅम्बर म्हणतात. वेगात वळण घेताना बाहेरच्या चाकावर आडवा जोर येतो. त्या जोराने बॉडी आणखी वर उचलली जाते, आणि पाय मुरगळताना घोटा वळतो तसं चाक आतल्या बाजूला दुमडतं. टायरची पूर्ण रुंदी रस्त्यावर टेकलेली राहत नाही. त्याच क्षणी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर मागची बाजू आणखी हलकी होते आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

मालकांनी हे अनुभवलं होतं. निपाणीच्या अलीकडे तवंदी घाट उतरताना, पावसात, एका वळणावर मागच्या चाकांची पकड सुटली. गाडी आडवी झाली आणि समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. ते सांगताना त्यांचा आवाज अजूनही खाली येतो. त्यानंतर गाडी बराच काळ झाकून ठेवली होती.

दोष एकट्या हेराल्डचा नव्हता. अमेरिकेत शेव्हरोलेटची कॉर्व्हेअर याच झुलत्या एक्सलमुळे बदनाम झाली. राल्फ नेडर यांच्या मोटारींच्या सुरक्षिततेवरच्या १९६५ च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिच्यावरच होतं. त्याच्या आधीच, १९६४ च्या मॉडेलला, कंपनीने मागे एक आडवा पाटा जोडला होता आणि १९६५ ला सगळी रचनाच बदलली. ट्रायम्फने १९६८ साली जीटी६ या गाडीला खालून आधाराची वेगळी भुजा दिली, पण ती महाग पडायची. १९७० च्या मार्क फोर स्पिटफायरमध्ये मात्र एक हुशार आणि स्वस्त तोड काढली : पाट्यांच्या जुडग्यातला एकच पाटा डिफरन्शियलला घट्ट आवळायचा आणि बाकीचे मधोमध झुलते सोडायचे. दोन्ही चाकं एकदम वर आली की सगळे पाटे वजन घेतात. गाडी वळणात एका बाजूला कलली की झुलते पाटे नुसते कलतात, विरोध फक्त एकच पाटा करतो. मग मागचं बाहेरचं चाक बॉडी तितकी वर उचलत नाही. मागे कलण्याला होणारा विरोध कमी झाला, तो भरून काढायला गाडीला कलू न देणारा पुढचा अँटी-रोल बार जाड केला. आवळण्याची जागा बदलली आणि गाडीचा स्वभाव बदलला.

तसा जुडगा परदेशातून मागवता येतो. मालकांनी किंमत विचारली आणि सोडून दिलं. त्यांनी निवडला तो त्याहून साधा उपाय : डिफरन्शियल आणि पाटे यांच्यामध्ये पोलादी ठोकळा घालायचा. पाट्यांचा मध्य जेवढा वर सरकेल, तेवढी चाकं बॉडीच्या मानाने वर येतील, मागची बाजू तेवढी खाली बसेल आणि चाकांचा माथा आत झुकेल. ठोकळ्याची जाडी मामांनी आधीच सांगून ठेवली होती.

ठोकळा उद्यमबागेतल्या एका लेथवर तयार झाला. बेळगावात ही अडचण कधीच नसते. फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग, सगळं सायकलच्या अंतरावर. स्टड मात्र नुसते लांब करून भागत नाही. जुन्या स्टडचे आटे इंची मापाचे, यूएनएफ, आणि पोलादही साधं चालत नाही. टर्नरने ईएन एटचा रॉड पुढे केला, मामांनी तो हातात घेऊन परत दिला आणि त्याहून मजबूत ईएन नाइन्टीनच मागितला. "मागाचा बोल्ट तुटला तर कापड जातंय," एवढंच बोलले. पुढचं वाक्य बोलायची गरज नव्हती.

खोलाखोलीत विशेष काही नाही. शॉकअप सुटतो, ब्रेकचा पाइप सैल होतो, पाट्याच्या टोकाचे बोल्ट निघतात. पण हे करताना चाकाच्या उभ्या कडीखाली जॅक हवा, कारण दाबात असलेला पाटा सुटला तर हात जातो. मागच्या सीटखालचं झाकण काढलं की पाटे डिफरन्शियलवर जिथे आवळलेले असतात ती जागा दिसते. तिथे साठ वर्षांची धूळ आणि ऑइल एकजीव होऊन काळा गोळा झाला होता. मामांनी तो खरवडला आणि नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा वास शेडभर पसरला. गंधकाचा, जळका, नाकात बसणारा. गिअरच्या दातांवर दाब टिकावा म्हणून या ऑइलमध्ये गंधकाचं संयुग असतं. मामांना हा वास नवा होता. मागाला पातळ ऑइल लागतं, ते असं वास मारत नाही. दिवसभर ते मधूनच बोटं नाकाशी नेत होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोजण्यात. कॅम्बर मोजायचं यंत्र इथे नाही. मामांनी गवंड्याचा ओळंबा आणला. रिमच्या वरच्या कडेपासून दोरी खाली सोडायची आणि खालच्या कडेशी अंतर पट्टीने मोजायचं. तेरा इंची रिमवर साधारण सहा मिलिमीटर म्हणजे एक अंश. ठोकळा घालण्याआधी माथा नऊ मिलिमीटर बाहेर होता. ठोकळा घातला, स्टड आवळले, चाकं चढवली, गाडी घोड्यांवरून उतरवली, आणि मोजलं तर अजूनही बाहेरच. मालकांचा चेहरा उतरला. मामांनी काही न बोलता मागच्या बंपरवर हात ठेवून गाडी जोरजोरात दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग दोन माणसांना बोलावून गाडी हाताने पुढे-मागे ढकलवली. जमिनीला टेकलेल्या टायरमुळे चाकं बाहेर सरकू शकत नव्हती. गाडी थोडी चालली तेव्हा ती आपल्या जागी आली. पुन्हा ओळंबा. माथा तीन मिलिमीटर आत. त्यांनी दोन्ही बाजूंना मोजलं, परत मोजलं, आणि पट्टी मालकांच्या हातात दिली की तुम्ही बघा.

हे बघताना एक गोष्ट स्पष्ट होते. १९७२ साली कंपनीने हा एक्सल सोडला त्याला कारण होतं, आणि त्या निर्णयाला दोष देता येणार नाही. मेस्त्र्यांना न कळणारी रचना हजारो गाड्यांत विकणं हाही धोकाच. पण ही रचना समजून घेणारा माणूस वडगावच्या एका गल्लीतच होता. त्याला कुणी मोटार मेस्त्री म्हटलं नव्हतं, आणि कमानपाट्याच्या दुकानात तर पाट्यांचा बाक वाढवून देत होते.

कायद्याची बाजूही मालकांनी पाहून ठेवली आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट ही की गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. व्हॅनचा एक्सल वेल्डिंग करून बसवला की चासीला हात लागला. ठोकळा आणि स्टड काढले तर गाडी पुन्हा होती तशी. जुने स्टड मालकांनी ग्रीस लावून कागदात गुंडाळून ठेवले आहेत.

येळ्ळूरच्या बाजूला भातशेतीतून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी काढली. मालक चालवायला, मामा शेजारी. पहिल्या काही वळणांवर मालकांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. परत येताना वेग वाढला. गाडी आधी वळणात शिरताना मागून डोलायची, ते थांबलं होतं. नव्या उपायाचा त्रासही लगेच कळला : गावाच्या तोंडाशी गतिरोधकावर सायलेन्सर खरवडला. पाऊण इंच कमी झाला तो कुठून तरी जाणारच. मागची चाकं थोडी बाहेर तोंड करतात असंही मामांना वाटलं. पुढून चाकाकडे येणाऱ्या भुजेच्या ब्रॅकेटमागच्या पत्र्याच्या पट्ट्या कमीजास्त करून ते सरळ करता येतं. मालकांना घाटात जाऊन बघायची घाई होती. मामांनी नको म्हटलं.

"आधी सायलेन्सर वर बांधू. मंग पट्ट्या. घाट काय पळून जातोय व्हय?"

मालकांनी गाडी शेडमध्ये घेतली आणि मामा पुन्हा तिच्या मागे उकिडवे बसले, सायलेन्सर टांगायचा रबर किती कापायचा ते बघायला.