रानातील वाटशोध : लेखांक चौथा – कड्यांचा मुलूख आणि समोच्चरेषा

गेल्या लेखांकात होकायंत्राचा विचार झाला, आणि नाशिकच्या परिसरात चुंबकीय उत्तर व भौगोलिक उत्तर यांतील अंतर एका अंशाहूनही कमी असल्यामुळे किलोमीटरभराच्या चालीत त्यापायी पडणारा फरक १७ मीटरांच्या आतच राहतो, हेही तेथे नमूद केले. ज्या खेळाडूला स्थानाची अशी अनुकूलता लाभली आहे, त्याने आपले परिश्रम मुख्यतः समोच्चरेषांच्या, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या, वाचनावर वेचावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण दिशा अचूक असूनही, आपण उभे आहोत ती भूमी नकाशात कोणती, हे ज्याला सांगता येत नाही, तो भरकटल्यावाचून राहत नाही.

नकाशा व होकायंत्र घेऊन रानात वाट शोधण्याच्या या खेळाचा, ओरिएंटिअरिंगचा, उगम स्कँडिनेव्हियातला. १८९७ साली नॉर्वेत त्याची पहिली जाहीर स्पर्धा झाली, आणि पुढे स्वीडनच्या मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी त्याचा प्रसार केला. तेथील अरण्यभूमी हिमनद्यांनी घासलेली, बारीक उंचवट्यांची व दलदलींची. उलट आपला मुलूख लाव्हाच्या थरांवर थर साचून घडलेला. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची माची होते, आणि ही चढती रचना नकाशात अशी उमटते की, रेषा एकमेकींना भिडल्या तेथे कडा समजावा, फाकल्या तेथे पठार. रेषांची टोके चढाकडे वळली असतील तर ती घळ, उताराकडे वळली असतील तर सोंड.

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराचेच उदाहरण घ्या. रेषांचा दाट पट्टा, मग अंजनीमातेचे मंदिर आणि तळे असलेली मोकळी जागा, आणि पुन्हा दुसरा दाट पट्टा. श्रावणात या पठारावर धुके उतरले म्हणजे हातभर अंतरावरचे दिसत नाही, आणि दोन्ही पट्टे कागदावर तर सारखेच दिसतात. परंतु एकाचा माथा आपल्या पायांशी असतो आणि दुसऱ्याचा पायथा. रेषांवरील उंचीचे आकडे वाचल्याशिवाय हा भेद कळत नाही, आणि तो कळणे येथे प्राणरक्षणाइतके महत्त्वाचे आहे. वरच्या कड्याचा पायथा निर्धास्तपणे गाठावा आणि तो एका हाताला ठेवून पुढे जावे. खालच्या कड्याच्या धारेकडे धुक्यात फिरकूही नये.

तथापि टोपोशीटवर, म्हणजे सरकारी भूरूप-नकाशावर, विसंबताना एक मर्यादा ध्यानी घ्यावी. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन समोच्चरेषांमधील उंचीचे अंतर साधारणतः २० मीटर. अर्थात १५ मीटरांचा, माणसाला सर्वस्वी दुर्गम असा कातळ त्या दोहोंच्या मध्ये निमूटपणे लपू शकतो, आणि कड्याचे स्वतंत्र चिन्ह दिलेले असेल तेवढाच इशारा मिळतो. १:१५,००० प्रमाणाच्या स्पर्धा-नकाशात हे अंतर बहुधा ५ मीटर असल्याने तेथे असा धोका पुष्कळ कमी. नाशिककरांना आणखी एक तजवीज करावी लागते: विसावे अक्षवृत्त शहरातूनच जात असल्यामुळे टोपोशीटांच्या जुन्या क्रमवारीत रामशेजचा डोंगर ४६ एच/१६ या पत्रकात येतो, तर अंजनेरी ४७ ई/९ मध्ये; म्हणून दोन्ही पत्रके जवळ हवीत.

सरावाला दिंडोरी तालुक्यातील रामशेज उत्तम, कारण तो एकटा, सुटा आणि चहूबाजूंनी न्याहाळता येणारा डोंगर आहे. घरी बसून केवळ रेषांवरून त्याचे वर्णन लिहून काढावे: कोणत्या अंगाला सोंड उतरते, घळ कोठे शिरते, माथा किती लांब व किती सपाट. मग आशेवाडीहून चढण्यापूर्वी पायथ्याला फेरी मारावी, आणि वर्णन व डोंगर यांत जेथे जेथे विसंगती आढळेल तेथे नकाशावरच पेन्सिलीने खूण करावी. त्या खुणा बहुधा घळी आणि सोंडी यांच्या अदलाबदलीच्या असतील. नवशिक्याचा डोळा प्रथम तेथेच फसतो. पुढील आठवड्यात पावले मोजून अंतर काढण्याचा विचार करू.