डिंभ्याचं पाणी वर्गात आणावं

आंबेगाव तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडालं. पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या बागायतीला गेलं, आणि जमिनी गेलेली कितीतरी महादेव कोळी कुटुंबं जलाशय ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरीवर राहिली. या दोन्ही बाजूंची मुलं आज घोडेगाव, मंचर, जुन्नरच्या महाविद्यालयांत एकत्र शिकतात. समतेवरचा तास या पाण्यापासून सुरू व्हावा, असं माझं ठाम मत आहे. एरवी तो आरक्षणापासून सुरू होतो आणि लगेच सगळ्यांच्या नजरा एकाच बाकाकडे वळतात. "तुमच्याकडे कसं असतं?" या प्रश्नाला त्या बाकावरच्या आदिवासी मुलीनं साऱ्या समाजाच्या वतीनं उत्तर द्यायचं, मग ती गप्पच बसते. जमीन कोणाची गेली, पाणी कुठे गेलं, हे कोणी ठरवलं, असं विचारलं तर बागायतदाराच्या मुलालाही आपल्या घराचा हिशेब मांडावा लागतो. शिवाय आदिवासी मुलीकडे सांगण्यासारखं केवळ दुःख नसतं. याच जलाशयावर आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. इतिहासाच्या प्राध्यापकांना तर जुन्नरची लेणी हाताशी आहेत. तिथल्या दानलेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणारे आहेत, यवनही आहेत. छिन्नी चालवणाऱ्यांची नावं मात्र सहसा सापडत नाहीत. ती का नसावीत, यावर एक तास सहज रंगेल.

जातीचा विषय काढला की वर्ग फुटतो, असं अनेक प्राध्यापक म्हणतात. पण वसतिगृहात कोण कोणासोबत जेवतं हे पाहिलं, तर फूट आधीचीच असल्याचं दिसतं. वर्गात निदान बोलण्याचे नियम तरी घालता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं, ते आवश्यकच आहे. तरी अधिकाऱ्याचं काम बहुधा तक्रारीनंतर सुरू होतं. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: तयारी नसलेला शिक्षक एका वाक्यात जुनी जखम उघडी करू शकतो. म्हणून आधी सगळ्यांनी नाव न घालता लिहावं, मग चौघा-पाचांत बोलावं, आणि शिक्षकानं शेवटी. बोलणाऱ्याची बोली मध्येच सुधारू नये. डोंगरपट्ट्यातून आलेलं मूल तिथेच थांबतं आणि पुन्हा हात वर करत नाही.