बाबांचा प्रश्न

“मी अजून कशासाठी उरलो आहे?” अंथरुणाला खिळलेले वडील विचारतात आणि आपण घाईने म्हणतो, “भलतेसलते बोलू नका, बाबा.” मग टीव्ही लावतो, फळ कापून देतो. कठोपनिषदातील यमानेही प्रथम हेच केले. मरणानंतर काय, असे विचारणाऱ्या नचिकेताला त्याने धन, हत्ती-घोडे, दीर्घायुष्य देऊ केले. मुलगा बधला नाही. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी ही आत्मिक व्यथाही रुग्णाच्या वेदनेतच धरली. झोप, भूक तुटली असेल, निराशा हटत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. एरवी उत्तर आपल्यापाशी नसतेच (यमाइतके ज्ञान कोणाला?). खुर्ची जवळ ओढावी, विचारावे, “बाबा, हे केव्हापासून मनात येते आहे?” बहुधा ते आईविषयी बोलू लागतील.